फेड, सूड, बदला

शाळेत मराठीच्या पेपरात ‘वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न ठरलेला असे, आणि ‘सूड उगवणे’ त्यात अधूनमधून हजेरी लावून जाई. अर्थ : बदला घेणे. वाक्य : भीमाने दुःशासनावर सूड उगवला. गुण मिळाले, विषय संपला. सूर्य उगवतो, बी उगवते, पण सूड कसा काय उगवतो, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. पुढे वाचन वाढले तेव्हा लक्षात आले की आपल्या कथा-कादंबऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर परस्पर देऊन टाकले आहे. अपमानाचे बी मनात पडते, वर्षानुवर्षे आत दबून राहते आणि एके दिवशी त्याला सूडाचा कोंब फुटतो. प्रतिमा देखणी आहे. ‘पेरावे तसे उगवते’ ही म्हणही तिच्या मदतीला आहे. व्याकरण मात्र तिला साथ देत नाही.

बी उगवले, दिवस उगवला, इथे क्रियापद अकर्मक आहे. जे उगवते तेच कर्ता. ‘त्याने सूड उगवला’ या वाक्यात कर्ता वेगळा आहे आणि सूड हे कर्म. ‘शेतकऱ्याने ज्वारी उगवली’ असे आपण म्हणत नाही. त्याने ज्वारी पेरली, ती उगवली, त्याने ती पिकवली. तेव्हा सूडाबरोबर येणारे हे उगवणे कोंब फुटण्याचे नव्हे. ते जुने ‘उगविणे’ आहे : गुंता सोडवणे, अडकलेले मोकळे करणे, उकलणे. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) हा अर्थ आहे. जुन्या मराठीत गुंता उगवतात, गोवा उगवतात. बोलण्यातून तो अर्थ निघून गेला आणि या एका वाक्प्रचाराच्या फटीत तेवढा शिल्लक राहिला.

‘सूड’ या शब्दाचे मूळही पाहण्यासारखे आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या व्याकरणाचा आठवा अध्याय प्राकृताला दिला. संस्कृत धातूंच्या जागी प्राकृतात कोणते धातू येतात याच्या याद्या त्यात आहेत. ‘भञ्ज्’ म्हणजे मोडणे, आणि त्याच्या जागी येणाऱ्या धातूंत ‘सूड’ आहे. आपला सूड मी या सूडाशी जोडतो. म्हणजे ‘सूड उगवणे’ या दोन शब्दांत पहिला मोडण्याचा आणि दुसरा सोडवण्याचा. मला या लेखात दुसऱ्याविषयी बोलायचे आहे, कारण पहिल्याविषयी पुष्कळ बोलून झाले आहे.

सोडवण्याच्या या अर्थाला मराठीत एक जिवंत, धडधाकट भावंड आहे : फेडणे. त्याच्याकडे नीट पाहिले की थक्क व्हायला होते. लुगडे फेडतात, निरी फेडतात. हा अर्थ शहरातून गेला असला तरी गावाकडच्या बायकांच्या बोलण्यात मी तो ऐकला आहे. कर्ज फेडतात, नवस फेडतात, उपकार फेडतात, आईबापांचे पांग फेडतात, डोळ्यांचे पारणे फेडतात, पाप फेडतात. आणि उट्टे फेडतात, उसने फेडतात. ज्याने आपले भले केले त्याच्यासाठी आणि ज्याने आपले वाईट केले त्याच्यासाठी क्रियापद एकच. ‘तुमच्या मदतीची परतफेड नक्की करीन’ आणि ‘या अपमानाची परतफेड नक्की करीन’ ही दोन वाक्ये कागदावर एका मापाची आहेत. फरक आवाजात.

यातून काहीजण असा निष्कर्ष काढतात की माणूस उपकार आणि अपकार एकाच तागडीत तोलतो, म्हणून भाषाही तोलते. तेवढ्यावर थांबावे असे मला वाटत नाही. फेडणाऱ्याची जागा कोणती, हे आधी पाहायला हवे. कर्ज फेडतो तो कर्जदार. मग जो ‘हे मी फेडीन’ म्हणून दात आवळतो, तो स्वतःला कर्जदाराच्या जागी ठेवत असतो : तू मला एक तडाखा दिलास, तो माझ्याकडे आहे, तो तुला परत देणे माझ्या अंगावर आहे. ‘व्याजासकट परत करीन’ ही धमकीही कर्जदाराचीच. याउलट सूड ‘घेतात’, बदला ‘घेतात’, वचपा ‘काढतात’. हे सगळे सावकाराच्या बाजूचे शब्द आहेत : तुझ्याकडे माझे येणे आहे, ते मी वसूल करणार. एकाच रागाचे हिशेब मराठीने दोन वह्यांत मांडले आहेत. एका वहीत दुखावलेला माणूस देणेकरी आहे, दुसरीत घेणेकरी.

देणेकऱ्याच्या वहीचा एक मोठा गुण असा की ती बंद होऊ शकते. इथे ‘फिटणे’ मदतीला येते. फेडणे आपण करतो. फिटणे आपोआप होते किंवा होत नाही. हेमचंद्राच्या त्याच अध्यायात ‘भ्रंश्’ म्हणजे निसटणे, गळून पडणे या धातूच्या जागी ‘फिट्ट’ सांगितला आहे, आणि त्याच सूत्रात आपल्या चुकण्याभुलण्याचे पूर्वज चुक्क आणि भुल्लही शेजारी बसले आहेत. गाठ आपण सोडवत राहतो. ती गळून पडली की फिटली. ज्ञानेश्वरीत फेडणे-फिटणे वारंवार भेटते ते संशय, भ्रम, अंधार यांच्या संदर्भात. अंधार फिटतो म्हणजे काय, हे ज्याने पहाट पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. तिथे कुणी कुणाचे देणे लागत नाही. काहीतरी आवळलेले सुटते, एवढेच.

‘जन्मभर फेडतोय, पण फिटत नाही’ हे वाक्य म्हणूनच मराठीत शक्य आहे. गृहकर्जाच्या हप्त्यांपासून आजारी वडिलांच्या सेवेपर्यंत कुठेही ते बसते. कृती आणि तिचे फळ यांच्यामधली फट त्यात स्पष्ट दिसते. सूडाला ही सोय नाही. ‘सूड घेतला’ म्हटले की घेणाऱ्याची कृती कळली. घेतल्यावर काय झाले, आतले काही सुटले की नाही, हे सांगणारे अकर्मक क्रियापद त्याला जोडीला नाही. ‘सूड फिटला’ असे मी तरी ऐकलेले नाही. उट्टे मात्र फिटते.

फेडीच्या शब्दकुळातले काही वाक्प्रचार हल्ली चुकीच्या समजुतीने वापरले जातात, त्यांत ‘पांग फेडणे’ पहिला. पांग म्हणजे कर्ज नव्हे. पांग म्हणजे उणीव, दैन्य, परावलंबन. मुलगा आईचे पांग फेडतो म्हणजे तिने केलेल्या खर्चाची भरपाई करतो असे नाही. तिच्या आयुष्यात जे कमी राहिले ते तो दूर करतो. म्हणून ‘माझे पांग फिटले’ असे आईने म्हणायचे असते. मुलाने ‘मी पांग फेडले’ असे सत्कारसभेत स्वतःच जाहीर करणे मला खटकते. आणि याच वाक्प्रचाराला आवाज चढवला की तो उलटतो. ‘चांगले पांग फेडलेस हो!’ ज्या घरात हे वाक्य एकदा उच्चारले गेले, तिथे पुढचे महिनाभर जेवणाच्या पानावर कुणी मान वर करून बोलत नाही.

‘कुठे फेडशील ही पापं?’ हा प्रश्नही असाच. कसे फेडशील, केव्हा फेडशील असे कोणी विचारत नाही, ‘कुठे’ विचारतात. जणू देणे इतके मोठे आहे की हा जन्म, हे गाव त्याला पुरणार नाही.

उपकार फेडण्याच्या बाबतीत मात्र आपण मराठी माणसे विलक्षण गोष्ट करतो. आभारप्रदर्शनाला उभा राहिलेला प्रत्येक वक्ता म्हणतो की, मी आपले आभार मानणार नाही, आपल्या ऋणातच राहणे पसंत करीन. टाळ्या पडतात, चहाची गडबड सुरू होते. वाक्य झिजून गुळगुळीत झाले आहे, पण त्याच्या मुळाशी एक शहाणपण आहे : उपकाराची गाठ सोडवली की माणूसही सुटतो. लग्नातल्या आहेराचा व्यवहार याच समजुतीवर चालतो. कुणी काय दिले ते वहीत लिहून ठेवतात, त्यांच्याकडे कार्य निघाले की ती वही काढतात आणि थोडे चढतेच देतात. बरोबर तेवढेच परत देणे म्हणजे संबंध संपवणे. हिशेब चोख ठेवायचा, पण मिटू द्यायचा नाही. (वर्तमानपत्रवाल्यांनी ‘घरचा आहेर’ हा शब्द स्वपक्षीयाने केलेल्या टीकेसाठी रूढ केला. तो ज्याला प्रथम सुचला त्याला माणसांची चांगली पारख असावी.)

तत्त्व म्हणून असे दिसते की उपकाराची गाठ ठेवावी, अपकाराची सोडवावी. प्रत्यक्षात आपण नेमके उलटे वागतो. उपकार अंगावर ठेवणे जड जाते म्हणून ते लवकरात लवकर काहीतरी देऊन भागवतो. अपकाराला मात्र ‘खूणगाठ’ बांधतो, मनात अढी ठेवतो, डूख धरतो. धमकीसुद्धा ‘गाठ माझ्याशी आहे’ अशीच देतो.

आतापर्यंत शब्दांविषयी बोललो. पण हे शब्द ज्या व्यवहारातून आले तो नुसता अलंकारापुरता नव्हता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ले केले. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, शेतसारा वाढला होता, आणि न्यायालयांतून सावकारांच्या बाजूने एकतर्फी हुकूमनामे होत होते. या उठावाची जी गोष्ट लक्षात राहते ती म्हणजे लोकांनी मागितले ते कागद. कर्जरोखे, खते, हुकूमनामे. सावकाराने ते काढून दिले की ते जाळायचे. बहुतेक ठिकाणी प्रकरण तिथेच संपे. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार त्या मानाने थोडे होते.

याला काय म्हणायचे? सरकारी कागदांत तो ‘दंगा’ आहे. सूड म्हणावा तर जिवावर उठण्याची बुद्धी त्यात फारशी दिसत नाही. फेड म्हणावी तर दमडीही परत दिलेली नाही. माझ्या मते ते ‘उगवणे’ आहे, अगदी जुन्या अर्थाने. जो गुंता फेडून फिटत नव्हता तो त्यांनी जाळून उगवला. आणि तो फिटत का नव्हता? सव्याज परतफेडीला आपल्याकडे ‘दामदुप्पट’ नावाची मर्यादा होती : एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येऊ नये. पण व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून घेतले की ही मर्यादा कागदावर पाळूनही मोडता येते. कुणबी दर सुगीला फेडत होता आणि दर सुगीला नवी गाठ पडत होती. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासायला सांगितले, तो याचसाठी.

गाठ दुसऱ्या टोकानेही सोडवता येते, याचे उदाहरण सव्वादोनशे वर्षे आधीचे आहे, आणि तेही पुणे जिल्ह्यातलेच. देहूच्या तुकोबांच्या घरात सावकारी होती. परंपरा सांगते, आणि महीपतीने ते चरित्रात घेतले, की त्यांनी भावाशी वाटणी करून आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडली. ऋणकोऐवजी धनकोनेच गाठ सोडली. सुप्याचा अग्नी आणि देहूचे पाणी यांची बरोबरी मी करीत नाही. दोन्ही ठिकाणी नष्ट झाला तो कागद, एवढे मात्र सारखे.

आजच्या सरकारी भाषेत याच गोष्टीला कधी ‘माफी’ म्हणतात, कधी ‘मुक्ती’. २०१७ ची योजना ‘शेतकरी सन्मान’ या नावाने आली तरी लोकांनी तिला कर्जमाफीच म्हटले. २०१९ च्या योजनेच्या नावातच ‘कर्जमुक्ती’ होती. माफी म्हटली की शेतकरी गुन्हेगार ठरतो, मुक्ती म्हटली की बंदिवान. फेड या शब्दात तो निदान व्यवहारातला बरोबरीचा माणूस असतो. नियमित कर्जफेड करणाऱ्यांसाठी त्याच योजनेत पुढे प्रोत्साहनपर रक्कम आली, तेव्हा हा जुना शब्द शासकीय कागदावर पुन्हा दिसला. बरे वाटले.

आता बदला. मराठीत फेड, उट्टे, वचपा इतके शब्द असताना बातम्यांत, चित्रपटांच्या जाहिरातींत, राजकीय भाषणांत ‘बदला’ पुढे सरकत चालला आहे. शब्द परका म्हणून माझी तक्रार नाही. अरबीतून फारसीच्या वाटेने आलेल्या या घराण्याने आपल्याला बदल, बदली, मोबदला असे कामाचे शब्द दिले आहेत. माझी तक्रार अर्थाची आहे. बदला म्हणजे अदलाबदल : एक वस्तू गेली, तिच्या जागी दुसरी आली. त्यात काही सुटावे, संपावे अशी अपेक्षाच नाही. मुंबईच्या शेअर बाजारात तर ‘बदला’ नावाची एक व्यवस्थाच होती. सौदा ठरल्या मुदतीला न मिटवता, आकार भरून पुढच्या मुदतीवर ढकलायचा. सेबीने १९९३ च्या अखेरीस तिच्यावर बंदी घातली, १९९६ मध्ये ती सुधारून परत आली आणि २००१ च्या जुलैपासून कायमची बंद झाली. शब्दाचा बाजारातला अर्थ त्याच्या रागातल्या अर्थावर यापेक्षा चांगले भाष्य काय करणार! पिढ्यान् पिढ्या चालणारी वैरे पाहा. प्रत्येक वेळी आकार भरून सौदा पुढच्या मुदतीवर जातो.

असे सर्वांत मोठे खाते महाभारतात आहे. द्रुपद आणि द्रोण एका आश्रमात शिकलेले मित्र. द्रुपद राजा झाल्यावर दरिद्री द्रोणाला ओळख देत नाही. द्रोण हस्तिनापुरात येतो, राजपुत्रांना शस्त्रविद्या शिकवतो आणि गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदाला बांधून आणायला सांगतो. इथे व्यासांची नजर किती बारीक आहे पाहा. शिष्यांच्या बाजूने ही ऋणफेड आहे, गुरूच्या बाजूने सूड. आणि कृती एकच. अर्जुन आपले देणे फेडतो आणि त्याच क्षणी द्रुपदाच्या नावावर नवे देणे मांडले जाते. द्रोण अर्धे राज्य परत देतो, मैत्री पुन्हा जुळली म्हणतो. त्याच्या लेखी हिशेब पुरा झाला. द्रुपद यज्ञ करतो. त्यातून द्रोणाला मारणारा धृष्टद्युम्न येतो आणि द्रौपदी येते. पंधराव्या दिवशी धृष्टद्युम्न द्रोणाचे मस्तक उडवतो. अठराव्या दिवसानंतरच्या रात्री अश्वत्थामा झोपलेल्या धृष्टद्युम्नाला आणि द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो. चार हप्ते झाले, मुद्दल जागच्या जागी.

संस्कृत नाटककारांनी सूडाचे चित्र केसांत पाहिले. ‘वेणीसंहारा’त द्रौपदीची मोकळी वेणी भीम शेवटी रक्ताळल्या हातांनी बांधतो, ‘मुद्राराक्षसा’त चाणक्याची शिखा प्रतिज्ञा पुरी झाल्यावर बांधली जाते. तिथे सूड सुटण्याने सुरू होतो आणि गाठ मारून पुरा होतो. नाट्य म्हणून हे प्रभावी आहे, पण मराठीच्या उगवण्या-फेडण्याची दिशा याच्या नेमकी उलट आहे, आणि मला ती अधिक खोल वाटते. भट्टनारायणाची द्रौपदी वेणी बांधून घेऊन थांबते, कारण नाटक तिथे संपते. व्यासांची द्रौपदी त्यानंतरची पहाट पाहते.

सौप्तिकपर्वात पाच मुले आणि भाऊ गमावलेली द्रौपदी अश्वत्थाम्याचा जीव मागते; निदान त्याच्या मस्तकावरचा मणी तरी आणा, तो पाहून जगेन, म्हणते. भीम, अर्जुन आणि कृष्ण जातात, अस्त्रांचा प्रसंग होतो, आणि भीम मणी आणून तिच्या हाती देतो. अश्वत्थामा जिवंत आहे. द्रुपदाची मुलगी द्रोणाच्या मुलाविषयी आता काय बोलेल? ती म्हणते की गुरुपुत्र मला गुरूच्या जागी आहे, मला हवे होते ते फक्त ‘आनृण्य’, आणि ते मिळाले. मणी राजाने मस्तकी धारण करावा. भागवताने हा प्रसंग बदलून बांधून आणलेल्या अश्वत्थाम्यालाच तिच्यासमोर उभे केले आहे. तिथे ती त्याला सोडा म्हणते, कारण त्याच्या आईने आपल्यासारखे रडू नये. तो प्रसंग हृदयद्रावक आहे, पण मला सौप्तिकातला कोरडा शब्द अधिक मोलाचा वाटतो. तिने क्षमा म्हटलेले नाही. विजयही म्हटलेला नाही. आनृण्य म्हणजे ऋण नसणे, हिशेबाच्या वहीतला शब्द. दोन घराण्यांत दोन पिढ्या चाललेले खाते ती त्या एका शब्दाने मिटवते, आणि तेही समोरच्याने जे हिरावून घेतले त्याच्या तोडीचे काहीही हातात न पडता.

हा शब्द मराठीत आणताना ‘माझा सूड पूर्ण झाला’ असे लिहून चालणार नाही. तिचा सूड पूर्ण झालेला नाही, अश्वत्थामा रानात फिरतो आहे. ‘मी ऋणमुक्त झाले’ हे अर्थाने बरोबर आहे, पण ते आभारप्रदर्शनासारखे वाजते. मी भाषांतर करीत असतो तर तिच्या तोंडी एकच क्रियापद घातले असते : ‘फिटले.’